आजोबांची बाटली

तिचं खरं पद होतं गृह-आरोग्य शिक्षिका. ओल निवारण विभागाच्या पत्रांवर तसं ठळक छापलेलंही होतं. पण त्या सगळ्या इमारतींमध्ये तिला बुरशीबाई म्हणत. तिला याचं वाईट वाटत नसे. तिच्या आधीच्या शिक्षकाला लोकांनी नाव ठेवण्याचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. तो जिन्यात दिसला की दारं लावून घ्यायचे. त्या मानाने हे नाव बरंच मानाचं म्हणायचं.

आणि बाई कामाची होती, हे तिच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. कपाटामागचे काळे ठिपके ती वासावरून ओळखायची. दारातून आत पाऊल टाकलं की नाक जरासं वर करायची आणि म्हणायची, "पलंग भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा बघू." पलंग ओढला की मागे हमखास काळी नक्षी निघायची, आणि घरची मंडळी एकमेकांकडे असं बघायची की जणू ती कोणीतरी रात्रीत येऊन काढून गेलं आहे. मग ती शिकवायची. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसा. फडकं पुन्हा वापरू नका. नुसता रंग फासू नका, आतली बुरशी रंगही खाते. अंघोळ झाली की मोरीचं दार लावा, खिडकी उघडा. ओले कपडे बसायच्या खोलीत वाळत घालू नका.

पण तिचा खरा हुकमाचा एक्का होता बाटल्यांचा. घरात जितकी माणसं तितक्या रिकाम्या बाटल्या ती पिशवीतून काढायची, नळावर भरून आणायची आणि टेबलावर ओळीने मांडायची. "श्वासातून आणि घामातून दर माणूस दिवसाला जवळजवळ एवढं पाणी हवेत सोडतो," ती सांगायची. "ते जातं कुठे? तुमच्या भिंतीत." लोक उठून खिडकी उघडायचे. पत्रकं वाटून जे सहा महिन्यांत होत नसे, ते बाटल्यांनी पाच मिनिटांत व्हायचं. एकदा विभागाच्या साहेबांनीही हा प्रयोग पाहिला होता आणि म्हणाले होते, "वा, बाई, हे डोक्यात बसतं बघा." डोक्यात नक्की काय बसतं, याची चौकशी तेव्हा कोणी केली नाही.

विभागाचा नियम सरळ होता. ज्या घराचं ओलमापक सलग दोन महिन्यांच्या तपासणीत साठच्या खाली भरेल, त्या घराच्या दारावर साहेब स्वतःच्या हाताने पत्र्याची पाटी ठोकणार: 'कोरडं घर, निरोगी घर'. आणि जी शिक्षिका वर्षात अशी दहा घरं करील, तिची नोकरी कायम होणार. बुरशीबाईची नऊ झाली होती. दहावं घर होतं बसच्या रस्त्यावरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, घड्याळजीचं.

घड्याळजी म्हणजे नावाप्रमाणे घड्याळं दुरुस्त करणारा, सरळ आणि नको तितका काटेकोर माणूस. चहात साखर घातल्यावर चमचा किती वेळा फिरवायचा हेही त्याचं ठरलेलं. बायको शाळेत कारकून. सहा वर्षांची मुलगी, तिला सदा खोकला. या खोकल्यापायीच त्यांनी बाईला बोलावलं होतं. आणि घड्याळजीचे वडील, निवृत्त बसचालक. नातीसकट ते मागच्या, रस्त्याकडच्या खोलीत झोपायचे. दिवसभर घरात, हाताशी किटली, आणि तोंडाचा पट्टा चालू.

त्या दिवशीही बाईने बाटल्या मांडल्या. ही आईची, ही बाबांची, ही छकुलीची छोटी. आजोबांच्या बाटलीशी आल्यावर तिला लहर आली. गंमत म्हणून तिने ती काठोकाठ भरली, वरून थोडं पाणी टेबलावर सांडूही दिलं. "आणि हे आजोबा," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त घरात कोण? आजोबा. किटली कोणाची? आजोबांची. म्हणजे सगळ्यात ओला माणूस कोण?"

सगळे हसले. छकुली तर टाळ्या पिटून हसली. आजोबाही हसले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं बस चालवली, पण ओला माणूस असल्याचं आजच कळलं." बाईलाही फार बरं वाटलं. धडा रंगला होता.

जाताना तिने बसायच्या खोलीतल्या फळीवर ओलमापक ठेवलं. "हे इथून हलवायचं नाही," तिने बजावलं. काटा तेव्हा एकाहत्तरवर होता. घड्याळजीने त्या यंत्राकडे असं पाहिलं जसं इतर बाप आपल्या पहिल्या मुलाकडे बघतात.

महिन्याने ती आली, तेव्हा काटा छप्पन्नवर. तिचा विश्वासच बसेना. तिने यंत्र उचललं, हलवलं, पुन्हा ठेवलं. छप्पन्न. घड्याळजीने वही पुढे केली. रोज तीन वेळा, सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ, सुबक अक्षरात आकडे मांडलेले. समासात बारीक टिपा. 'मोरीचं दार लावलं.' 'भाजी झाकून शिजवली.' आणि पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, लाल शाईने: 'बाबांना ताईकडे पोचवलं. अडुसष्टवरून एकसष्ट.'

"आजोबा दिसत नाहीत," बाई म्हणाली.

"वन्संकडे गेलेत," सून घाईघाईने म्हणाली. "तेवढाच त्यांना हवापालट."

"सात अंशांचा फरक पडला," घड्याळजी म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठे दुष्टपणा नव्हता. काटा सुटलेलं घड्याळ चालू झाल्यावर तो गिऱ्हाइकाला ज्या सुरात सांगायचा, त्याच सुरात त्याने सांगितलं. "त्यांनाच पटलं, बाई. तुम्ही बाटली दाखवल्यापासून त्यांच्या मनाने घेतलं. म्हणाले, छकुलीचा खोकला जाणार असेल तर मी जातो."

बाईने खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. पण छप्पन्न म्हणजे छप्पन्न, आणि दहावं घर म्हणजे दहावं घर. तिने तक्त्यावर आकडा लिहिला. कुटुंबातील माणसे, या रकान्यात आधी चार होते, ते खोडून तीन केले. खोडताना पेन जरा अडलं, एवढंच. माणूस पोटापुढे किती पटकन मूग गिळतो ते बघायचं असेल, तर असे तक्ते वाचावेत.

दुसऱ्या महिन्यात काटा चोपन्नवर आला. साहेबांनी सोमवार ठरवला. छायाचित्रकार सांगितला. पाटी रंगून आली. शनिवारी बाई सगळं ठीकठाक आहे ना हे बघायला गेली, आणि दार उघडण्याआधीच तिला आतून खोकला ऐकू आला. कोरडा, लांबलेला. आधीपेक्षा वाईट.

"सर्दी झालीय तिला," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "रात्रभर झोपत नाही हो. आता तर घर एवढं कोरडं आहे, तरी का होतंय, काही कळत नाही."

बाईने नाक वर केलं. बसायच्या खोलीत काही नव्हतं. पण कुठूनतरी, अगदी पुसट, तो वास येत होता. तळघरासारखा, जुन्या ओल्या पोत्यासारखा.

"आजोबांची खोली दाखवू?" छकुलीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तिचं बोट धरलं. "मी तिथेच खेळते आणि झोपते. त्यांच्या पलंगावर."

दार उघडलं आणि बाई उंबऱ्यावरच थबकली. खोलीभर दोऱ्या. दोऱ्यांवर घरादाराचे ओले कपडे, चादरी, टॉवेल, घड्याळजीचे सहा सदरे एका रांगेत. खिडकी बंद, वर कडी. पलंग भिंतीला चिकटवलेला, दोऱ्यांना जागा व्हावी म्हणून. बाईने तो ओढला. मागची भिंत कमरेइतकी काळी होती. तिने पर्समधलं स्वतःचं यंत्र काढलं. चौऱ्याऐंशी.

"तुम्हीच म्हणाला होतात," सून मागून म्हणाली, "की बसायच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. बाबा गेले त्याच दिवशी इथे दोऱ्या बांधल्या. दारही घट्ट लावतो, ओल बाहेर येऊ नये म्हणून."

"त्याच दिवशी?" बाईने विचारलं.

"त्याच दिवशी."

घड्याळजी दारात आला होता. त्याने भिंत पाहिली, मग वहीकडे पाहिलं. काटेकोर माणूस होता, हिशेब लगेच लागला. एका दिवशी दोन गोष्टी केल्या होत्या, आणि सात अंश भलत्याच्याच नावावर लागले होते. "पण यंत्र फळीवरून हलवायचं नाही असं तुम्ही सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला.

सांगितलं होतं. सगळं तिनेच सांगितलं होतं. यांनी एक अक्षर चुकवलं नव्हतं. असे गुणी विद्यार्थी तिला आजवर मिळाले नव्हते, आणि देव करो पुन्हा न मिळोत.

"ही खिडकी कधीपासून बंद आहे?" तिने विचारलं.

"आजोबा गेल्यापासून," छकुली म्हणाली. "ते सकाळी उठले की उघडायचे. सहा चाळीसची बस वेळेवर आली का बघायला. मग संध्याकाळी सात दहाची. उशीर झाला की चालकाला वरून ओरडायचे. आणि काचेवरचं पाणी त्यांच्या फडक्याने पुसायचे, बस दिसायला पाहिजे ना." सांगता सांगता तिला खोकल्याची उबळ आली.

बाई पलंगाच्या कडेवर बसली. वर्षभर घरोघरी फिरून घसा कोरडा करून ती जे शिकवत होती, ते सगळं या खोलीत एक म्हातारा न शिकता करत होता. दिवसातून दोनदा, बसच्या वेळेवर, एक दिवस न चुकता. आणि त्यालाच तिने काठोकाठ भरून टेबलावर मांडलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर कोणाकडे बघवेना.

"आजोबांना परत आणा," ती म्हणाली.

"सोमवारी साहेब येणार आहेत," घड्याळजी म्हणाला. "बाबा आले, किटली आली, तर साठच्या वर जाईल."

"जाऊ दे."

"तुमचं दहावं घर आहे हे."

"जाऊ दे म्हटलं ना."

"ते येणार नाहीत, बाई," सून म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. "मी दोनदा जाऊन आले. म्हणतात, पोरगी बरी झाल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. त्यांचा तुमच्या बाटलीवर विश्वास बसलाय. तुम्हीच जा."

ताईचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर. आजोबा घरात नव्हते. बाहेर जिन्याच्या पायरीवर, मफलर गुंडाळून बसले होते. समोर विटांची भिंत. बस तर सोडाच, एक सायकलही दिसेल तर शपथ.

"आजोबा, थंडीत बाहेर का बसलात?"

"दिवसा बाहेरच बसतो, बाई. लेकीच्या घरी कशाला ओल करायची? जेवायला आणि झोपायला जातो फक्त." त्यांनी शेजारची पायरी हाताने झटकली आणि तिला बसायला जागा केली. "किटली सोडली मी. दोनच कप पितो आता. झोपेत श्वास मात्र आवरत नाही, त्याला काय करणार?"

ते हे इतकं साधेपणाने म्हणाले, की बाईला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर ज्या माणसाने बसमध्ये कोणाला लोंबकळू दिलं नाही, तो स्वतःचा श्वास मोजत पायरीवर बसला होता.

"छकुलीचा खोकला?" त्यांनी विचारलं. "गेला ना?"

बाईने उत्तराची जुळवाजुळव वाटेत बरीच केली होती. ती तिने तिथेच सोडून दिली. "वाढलाय," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यापासून वाढलाय. तुमची खोली बंद करून तिथे कपडे वाळवतात. खिडकी कोणी उघडत नाही. भिंत काळी झाली. माझी चूक झाली, आजोबा. ती बाटली मी गमतीने भरली होती. तुम्ही ओले नव्हतात. त्या घरात हवा आत-बाहेर करणारे तुम्ही एकटेच होतात."

बाईला वाटलं, आता आजोबा चार शब्द ऐकवतील. ऐकवायला हवे होते, तिची तयारीही होती. पण त्यांनी एवढंच विचारलं, "सहा चाळीसची वेळेवर येते का?"

"मला माहीत नाही."

"कोणालाच माहीत नसणार," आजोबा म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. आत गेले आणि दोन मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर आले. इतक्या लवकर कसं आवरलं, असं बाईने ताईला विचारलं, तर ताई म्हणाली, "आवरायचं काय? दोन महिन्यांत त्यांनी पिशवी उघडलीच कुठे."

रविवारचा सगळा दिवस भिंत घासण्यात गेला. बाईनेही पदर खोचला. दोऱ्या गच्चीवर गेल्या, पलंग पुढे आला, खिडकी सताड उघडली. आजोबांनी पहिलीच बस सहा मिनिटं उशिरा येताना पकडली आणि चालकाची अशी खरडपट्टी काढली की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. त्या रात्री छकुली दोनदाच उठली.

सोमवारी साहेब आले. बरोबर छायाचित्रकार, दोन शिपाई, आणि पाटी बघायला आलेले शेजारी. छायाचित्रात उजेड पडतो म्हणून खिडक्या बंद करून घेतल्या, पडदे ओढले. पाहुणे आले म्हणून आजोबांनी मोठी किटली चढवली. साहेबांनी फळीवरच्या यंत्रासमोर उभं राहून कोट नीट केला, खाली वाकले, आणि त्यांचा चेहरा पडला. त्रेसष्ट.

"हे काय? अहवालात चोपन्न आहे."

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती किटलीपाशी येऊन थांबली. तक्त्यात माणसे तीन होती. हा चौथा कोण, हे त्यांनी बरोबर ताडलं. साहेब तसे वाईट नव्हते, फक्त घाईत होते. सुनेच्या कानाशी लागून ते म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "आजोबांना जरा तासभर फिरवून आणा की. काटा उतरला की लगेच आटोपू."

आजोबांनी गॅस बंद केला. ते चपला शोधायला लागले.

"साहेब," बुरशीबाई म्हणाली. "या खोलीत बारा माणसं आहेत आणि खिडक्या बंद आहेत. त्यातले आठ आपण पाहुणे आहोत. आपणच खाली गेलो तरी उतरेल."

शिपायाने हसू दाबलं. साहेबांना काही ते पटलं नाही. "आपण गेलो तर छायाचित्र कोणाचं काढायचं?" त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांच्या मते बिनतोड होता.

आजोबांना एक चप्पल सापडली होती, दुसरी सापडत नव्हती. तेवढ्यात घड्याळजी पुढे झाला. त्याने फळीवरचं यंत्र उचललं, खिशातला बारीक पेचकस काढला, मागचं झाकण उघडलं आणि चिमट्याने आतला सेल उचलून टेबलावर ठेवला. काटा खाली पडला. दोन महिने ज्याच्याकडे तो दिवसातून तीनदा बघत होता, ते यंत्र त्याने झाकण लावून साहेबांच्या हातात दिलं.

"बंद पडलंय," तो म्हणाला. आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला तो खोटं बोलला नव्हता. मग वळून म्हणाला, "बाबा, चपला ठेवा. चहा उकळायचा राहिलाय."

आजोबांनी हातातली चप्पल खाली ठेवली. ती ठेवायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

आता पाटी रंगलेली, छायाचित्रकार ठरलेला, महिना संपत आलेला. साहेब काही रिकाम्या हाताने परत जाणारे नव्हते. खाली उतरताना तळमजल्यावर त्यांना एक बंद घर दिसलं. वर्षभर रिकामं, किल्ली पहारेकऱ्याकडे. सामान नाही, मोरी कोरडी ठाक, वरच्या झडपांमधून वारा आरपार. बाईच्या पर्समधलं यंत्र त्यांनी मागून घेतलं. अठ्ठेचाळीस. साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान पसरलं. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात शिस्त." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, चार खिळ्यांनी, कुलपाच्या वर पाटी ठोकली: 'कोरडं घर, निरोगी घर'.

बाईने तक्ता भरला. 'कुटुंबातील माणसे' या रकान्यात तिने अगदी स्वच्छ अक्षरात शून्य लिहिलं. साहेब निदान विचारतील, या आशेने तिने तो कागद त्यांच्या समोर धरला. साहेबांनी सही केली. तिचं दहावं घर झालं. नोकरी कायम झाल्याचं पत्र पुढच्या आठवड्यात यायचं होतं.

मंडळी छायाचित्रासाठी पाटीखाली उभी राहिली. तेवढ्यात वर चौथ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली, आणि एक म्हातारा कमरेपर्यंत बाहेर वाकून ओरडला, "ती गाडी कोणाची आहे? बसथांब्यावरून काढा आधी. बारा दहाची यायची वेळ झाली."

गाडी साहेबांची होती. त्यांनी ती काढली.